धुतलेल्या बाटल्या

तिने बाटली उपडी धरली आणि आतल्या भिंतीवरून पाणी कसं उतरतंय ते पाहत राहिली. पाणी सलग, पातळ पडद्यासारखं खाली सरकलं. कुठे फाटलं नाही, कुठे थेंब अडला नाही. तिने ती बाटली जाळीवर ठेवली आणि पुढची उचलली. थेंब अडला की बाटली परत आम्लाच्या टबात जायची, मग ती तिसरी खेप का असेना. या हट्टापायी लॅबमध्ये तिचं नाव ‘चकाचक’ पडलं होतं, आणि आपल्याला ते मुळीच आवडत नाही असं ती एकोणीस वर्षं दाखवत आली होती.

हेडक्लार्क दारात येऊन थांबले. एरवी ते लॅबमध्ये पाऊल टाकत नसत. इथल्या वासाने आपल्याला जेवण जात नाही, अशी त्यांची जुनी तक्रार होती. आज त्यांच्या हातात एक फाइल होती आणि ते उगाचच तिची नाडी सोडत-गुंडाळत होते.

“ताई, एक सही हवी होती.”

“हात ओले आहेत माझे. कसली सही?”

“चौकशी समितीच्या कागदावर. सर म्हणाले, तुमच्याशी बोलणं झालंय.”

“माझ्याशी? कधी?”

हेडक्लार्कांनी खिडकीकडे पाहिलं. “मग आधी वाचून घ्या,” ते म्हणाले.

तिने रबरी हातमोजे काढले, हात कोरडे केले आणि कागद घेतला.

चौकशी कसली ते तिला ठाऊक होतं. संस्थेत कुणाला ठाऊक नव्हतं? गढूळ पाण्यात पॉलिमर नावाचं एक लांब साखळीचं रसायन अगदी चिमूटभर टाकतात. मातीचे कण त्याला धरून एकत्र येतात, जड होतात आणि तळाशी बसतात. प्रश्न एवढाच असतो, की ते पॉलिमर सगळं मातीबरोबर खाली जातं, की थोडं वरच्या स्वच्छ पाण्यात राहून नळातून घरोघर पोचतं. लॅबचे प्रमुख असलेल्या सरांच्या अहवालात लिहिलं होतं, जवळजवळ काहीच राहत नाही. त्या भरवशावर शहराच्या पाण्यात त्याची मात्रा वाढवली गेली. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तीच मोजणी केली, तर टाकलेल्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्यातच होता. कुणी आजारी पडलं नाही, मात्राही लगेच खाली आणली, पण अहवाल मागे घ्यावा लागला आणि तीन जणांची समिती बसली.

कागदावर सरांचं बारीक, टोकदार अक्षर होतं. ‘सदर चाचण्यांसाठी वापरलेल्या काचेच्या बाटल्या तंत्रज्ञ महिलेकडून पुरेशा स्वच्छ धुतल्या न गेल्याने पॉलिमर बाटल्यांच्या मळक्या भिंतींना चिकटले व आकडे चुकले.’ खाली त्यांची सही. त्याखाली ‘मान्य’ असा एक शब्द, आणि तिच्या सहीसाठी सोडलेली जागा.

तिला राग आला नाही. आधी आली ती लाज. कानशिलं तापली. ती त्या चाचण्यांचे दिवस आठवू लागली. मुलगी तेव्हा तापाने पडली होती का? एखाद्या दिवशी आपण घाईत होतो का? एखादी खेप आम्लात न बुडवता नुसत्या पाण्याने काढली का?

“सही उद्या देते,” ती म्हणाली.

“परवा अकराला समिती आहे. त्याआधी द्या म्हणजे झालं.” हेडक्लार्क वळले आणि परत थांबले. “ताई, हे मी बोललो नाही असं समजा. पण ही ओळ एकदा फाइलला लागली, की लॅब इन्चार्जचं विसरा. एक तारखेला तुमच्या नावाची ऑर्डर निघायची होती. टाइप होऊन पडलीय माझ्या टेबलावर.”

ते गेल्यावर ती स्टुलावर बसली. लॅब आपल्या ताब्यात येणार, सरांनंतर या किल्ल्या आपल्याकडे राहणार, हे तिने घरी सांगून टाकलं होतं. शेजारीही सांगून झालं होतं. पण त्याहूनही तिला लागलं होतं ते ‘तंत्रज्ञ महिला’. एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी काम केल्यावर सरांना तिचं नाव लिहायलाही जड गेलं होतं.

ती इथे आली तेव्हा फक्त बाटल्या धुवायची. पहिल्याच वर्षी एकदा सर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

“इतक्या जोरात का घासतेस गं?”

“स्वच्छ निघाव्यात म्हणून.”

“कशापासून स्वच्छ?”

ती घासायची थांबली. तेव्हा त्यांनी तिला टेबलाशी बसवलं, आणि कागदावर एक लांब वाकडीतिकडी रेघ काढली. पॉलिमर म्हणजे अशी लांबच लांब साखळी, ते म्हणाले. ती काचेला एका जागी धरत नाही, शंभर जागी धरते. तू पाणी ओतलंस की एखादी पकड सुटते, पण बाकीच्या नव्व्याण्णव धरून असतात, तोवर सुटलेली परत बसते. म्हणून नुसत्या पाण्याने ती निघत नाही, आम्ल लागतं. आणि काच एकदा अशा साखळ्यांनी भरून गेली की नवीन साखळीला टेकायला ठिकाण राहत नाही. रेघेवर रेघ काढत त्यांनी तो कागद पार काळा करून टाकला होता. बाटल्या धुणाऱ्या मुलीला कुणी हे समजावून सांगत बसतं का? ते बसले होते, चांगला अर्धा तास.

हे आठवलं आणि तिचा हात जाळीवरच्या बाटलीकडे गेला.

मळकी काच म्हणजे आधीच भरलेली काच. तिने बाटल्या वाईट धुतल्या असत्या, तर काचेने पाण्यातून फारसं काही ओढलंच नसतं. आकडे जवळजवळ बरोबर आले असते. तिने त्या इतक्या लख्ख धुतल्या होत्या म्हणूनच काचेने पॉलिमरवर ताव मारला होता, आणि पाण्यातून जे गेलं ते सगळं मातीने घेतलं असं सर धरून चालले होते.

ही गोष्ट लक्षात यावी म्हणून तर दर खेपेला ब्लँक लावतात. माती न घालता नुसतं पॉलिमरचं पाणी भरलेली एक बाटली. तिच्यातून जेवढं जाईल तेवढं काचेचं, ते वजा करायचं. इतक्या पातळ पाण्यात काचेचा वाटा मोठा असतो, तिथे ब्लँक वगळून चालतच नाही. पण त्या चाचण्यांना ब्लँक नव्हती. “या खेपेला राहू दे,” सर म्हणाले होते, “महिनाअखेरीला अहवाल जायलाच हवा.” तिने दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “मी सांगतोय ना?” नोंदवहीत ब्लँकच्या रकान्यात तिने आडवी रेघ मारली. कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नाही. सरांच्या विरोधात जाईल असं काही वहीत लिहिणं तिच्या जिवावर आलं होतं.

ती उठली. जाळीवरून सहा बाटल्या घेतल्या. सकाळच्या चाचणीत वापरलेल्या आणखी सहा घेतल्या आणि त्या नळाखाली नुसत्या दोनदा विसळल्या, कामाचा कंटाळा असलेली बाई विसळेल तशा. असं विसळतानाही तिचा हात दोनदा आम्लाकडे वळला आणि तिने तो मागे घेतला. बाराही बाटल्यांत सारखंच पातळ पॉलिमरचं पाणी भरलं, त्या फिरत्या चाकावर चढवल्या, आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत एकेक नमुना यंत्रावर मोजला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं पुन्हा एकदा केलं, कारण एकदाच केलेलं मोजणं हे मोजणं नव्हे, हेही सरांनीच तिला सांगितलेलं होतं.

स्वच्छ बाटल्यांतल्या पाण्यातून पॉलिमरचे शंभरातले तेहतीस भाग काचेवर गेले होते. मळक्यांतून तीन.

आता मात्र तिला राग आला, आणि तो इतका आला की यंत्राचं बटण बंद करायला तिला दोन्ही हात लागले. सरांना हे माहीत नसेल असं म्हणायची सोयच नव्हती. समितीला वाचताक्षणी पटेल असं कारण त्यांनी बसून शोधलं होतं. बाटल्या मळक्या, म्हणून आकडे चुकीचे. घरात कधी एक पेला विसळलेल्या कुणालाही हे खरंच वाटणार. ते खोटं आहे हे अख्ख्या संस्थेत दोघांनाच ओळखू आलं असतं. त्यातले एक ते स्वतः होते, आणि दुसरी तोंड उघडणार नाही याची त्यांना खात्री होती.

*

“थांब, मला नीट कळू दे,” नवरा म्हणाला. तो लोकांचे फ्रीज दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर घरातल्या बिघडलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही. आज मात्र तिचा चेहरा पाहून तो आपणहून टेबलफॅन उघडून बसला होता. “तू चांगलं धुतलंस म्हणून चूक झाली. आणि ते म्हणतायत, वाईट धुतलंस म्हणून झाली.”

“चूक ब्लँक न लावल्याने झाली.”

“तेच ते. तुझ्याकडे आकडे आहेत ना? मग घे तो कागद आणि मार समितीच्या तोंडावर.”

“असं कसं मारू? दोन महिन्यांनी ते रिटायर होतायत. तीस वर्षांचं नाव आहे त्यांचं.”

“आणि तुझं एकोणीस वर्षांचं? ते काय भंगारात घालायचं?”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीचा एक फ्रॉक तिने दोनदा घडी करून दोनदा उलगडला.

“तुला माहीत नाही त्यांनी काय काय केलंय,” ती म्हणाली. “तराजू कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. यंत्र त्यांनी शिकवलं. मी बाहेरून परीक्षेला बसले तेव्हा पुस्तकं त्यांची होती. बाबा हॉस्पिटलात होते ना, तेव्हा आठ दिवस माझं सगळं काम त्यांनी स्वतः केलं. बाटल्यासुद्धा धुतल्या.”

“कशा धुतल्या?”

“वाईट,” ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा तिने तोंड कपाटाकडे केलं.

नवऱ्याने स्क्रू एका वाटीत गोळा केले.

“मी त्यांना विचारणार आहे,” ती म्हणाली. “समितीत नाही. आधी, आमच्या दोघांतच. मळक्या बाटलीत जास्त चिकटतं की कमी, एवढंच. कमी म्हणाले, तर सही करून टाकेन.”

“आणि इन्चार्ज व्हायचं?”

“राहील ते. माझ्याशी तरी त्यांनी खरं बोलावं. बाकीच्यांशी काय बोलायचं ते बोलू देत.”

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“आहे.”

“बरं, आणि जास्त म्हणाले तर?”

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. “माझ्याबद्दल खोटं लिहिलं त्यांनी, ते एक वेळ ठीक. पण यात नाही खोटं बोलणार. ते त्यांच्याच्याने व्हायचं नाही.”

तिचा त्यावर खरोखर विश्वास होता. त्या विश्वासावर तिला रात्री झोपही लागली.

*

समितीच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं. सर आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. तिला पाहून ते सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झटकून दिली.

“केलीस सही?”

“अजून नाही.”

“मनाला लावून घेऊ नकोस. नोकरी काही जात नाही तुझी. एक कागद फाइलला लागतो आणि वर्षभरात सगळे विसरतात. मी असतानाच वरच्यांना तुझ्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहून देईन.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता, आणि ती माया खोटी नव्हती हेही तिला कळत होतं. “मुलगी कशी आहे? गणितात बरी आहे म्हणाली होतीस.”

“बरी आहे.”

“आण एकदा तिला. माझ्याकडची पुस्तकं देतो.”

ती फाइल मांडीवर धरून बसली होती. आत दोन कागद होते, एक सहीचा आणि एक आकड्यांचा. तिने समोरच्या भिंतीकडे पाहत विचारलं.

“सर, मळक्या बाटलीत पॉलिमर जास्त चिकटतं की कमी?”

ते लगेच बोलले नाहीत. तेवढ्या वेळात तिने मनातल्या मनात सहीसुद्धा करून टाकली.

“जास्त,” ते म्हणाले.

तिला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चुकलं असेल. “आधीच्या पॉलिमरने मळलेली म्हणतेय मी. नुसती पाण्याने विसळलेली.”

“हो, तीच. मळावर मळ चढतो, साधी गोष्ट आहे. स्वच्छ काच गुळगुळीत असते, तिच्यावर साखळीला धरायला काही नसतं. मळक्या काचेवर आधीच्या साखळ्यांची टोकं मोकळी असतात. नवी साखळी येते आणि त्यांच्यात गुंतते. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी.” त्यांनी हवेत बोटाने तशी रेघही काढून दाखवली. “असं ते वाढत जातं. समजलं?”

किती छान समजावलं होतं! जिला काही ठाऊक नाही तिला सगळं तिथल्या तिथे पटलं असतं. आवाज तोच होता, मधे थांबणं तेच, शेवटचं ‘समजलं?’ तेच. याच आवाजात त्यांनी तिला तराजू शिकवला होता, यंत्र शिकवलं होतं, आम्लात पाणी घालायचं नाही, पाण्यात आम्ल घालायचं हे शिकवलं होतं. आपल्याला जे जे येतं ते सगळं या आवाजात आलेलं आहे, आणि आता त्यातलं काय काय खरं होतं ते एकेक करून तपासायला लागणार, असं तिच्या मनात आलं. फसवलं म्हणतात ते हे, कागदावरची ती ओळ काहीच नव्हे.

“समजलं,” ती म्हणाली.

शिपायाने दार उघडून दोघांना आत बोलावलं.

*

अध्यक्षबाई कुठल्याशा दुसऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या. रसायनांशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता, पण फाइल कशी वाचायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या एका बाजूला पंपांचे इंजिनियर होते आणि दुसऱ्या बाजूला एक वकील, जे सारखे घड्याळ पाहत होते.

“इथे तुमची सही दिसत नाही,” अध्यक्षबाई तिला म्हणाल्या.

“केली नाही.”

“का?”

“बाटल्या स्वच्छ होत्या.”

सर समजुतीने हसले. “तिने मनाला लावून घेतलंय. कामाला चांगली आहे हो, पण हाताखालच्या माणसाकडून कधीतरी होतंच असं.”

हाताखालची. तिने फाइल उघडून आकड्यांचा कागद टेबलावर सरकवला. सहा स्वच्छ बाटल्या, सहा मळक्या, दोन दिवसांची मोजणी. अध्यक्षबाईंनी तो चष्म्यातून आणि मग चष्म्यावरून पाहिला आणि सरांकडे दिला. सरांनी तो वाचला. त्यांना वाचायला फार वेळ लागला नाही.

“हे हिने एकटीने केलंय,” ते म्हणाले. “मला न विचारता. कुणी साक्षीला नाही. कोणत्या बाटल्या, काय भरलं, कुणी बघितलं? मी असा कागद अहवालाला लावला असता तर तुम्हीच मला धारेवर धरलं असतं.”

“ते खरं आहे,” वकील म्हणाले.

अध्यक्षबाईंनी कागद बाजूला ठेवला. “आज मला हा धरता येणार नाही,” त्या तिला म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत असावं. “दुसरं काही आहे तुमच्याकडे? तोंडी सांगायचं असेल तरी सांगा. फक्त मला कळेल असं सांगा.”

टेबलावर पाण्याचे पेले होते, त्यांतल्या एकाच्या आतून थेंब अडून बसले होते.

“काचेवर हे बसतं कसं, तेवढंच सांगते,” ती म्हणाली. “काच अगदी स्वच्छ असली, की पॉलिमर तिच्यावर बसायला लागतं. हळूहळू बसतं. काच भरायला पाच-सहा तास लागतात.”

सरांनी मान वर केली.

“पाच-सहा तास,” म्हणत अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं.

“कधी कधी आठसुद्धा,” ती म्हणाली.

“काहीतरीच काय!” सर म्हणाले. “वीस मिनिटं.”

“वीस?”

“वीस मिनिटांत काच भरते. पहिल्या पाचातच निम्मी झालेली असते. आठ तास हिने कुठून आणले कोण जाणे.” चुकीचा आकडा कुणी लिहून घेतंय हे त्यांना बघवत नसावं. ते अध्यक्षबाईंकडे वळून बसले, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. “लिहा, वीस मिनिटं. आणि एकदा भरली की भरली. मग आठ तास ठेवा नाहीतर आठ दिवस ठेवा, नवीन काही बसत नाही. जागाच नसते.”

अध्यक्षबाईंनी आधीचं खोडलं, नवीन लिहिलं. मग लिहिलेलं त्यांनी सवयीने एकदा वाचून पाहिलं, आणि त्यांची पेन्सिल दुसऱ्या ओळीवर थांबली.

“जागाच नसते,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बाटली आधीचीच मळकी असेल, तर ती भरलेलीच की.”

बाजूला ठेवलेला आकड्यांचा कागद इंजिनियरांनी हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

“मला बरोबर समजलंय ना?” अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं. “मळक्या बाटलीत मग जास्त चिकटेल की कमी?”

सर त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते तिच्याकडे पाहत होते. आता त्यांना लाज वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुखावलेपण होतं, घरच्या माणसाने दगा दिल्यावर होतं तसं, आणि ते पाहून तिला इतका संताप आला की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“वीस मिनिटं,” सर हळू आवाजात म्हणाले, फक्त तिला ऐकू जाईल एवढंच. “हा आकडा तू कधी चुकत नाहीस.”

“नाही सर,” ती म्हणाली. “चुकत नाही.”